दागिना उलटा करून बघा

लग्नसराई तोंडावर आली की सराफ बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. एवढ्या गर्दीत काउंटरवर ऐकू येणारे प्रश्न मात्र दोनच. "आजचा भाव काय?" आणि "यात अजून नवीन डिझाइन दाखवा ना." भाव फोनवर दिसतो, डिझाइनं इन्स्टावर ढिगानं पडलेली आहेत. दुकानात जाऊनच करता येण्यासारखी जी गोष्ट आहे, म्हणजे दागिना हातात घेऊन पालथा करणं, ती करताना फारसं कोणी दिसत नाही. आणि दागिना तुटतो, काळा पडतो, कानाला ओरबाडतो, पैठणीच्या जरीत अडकतो तो नेमका मागच्या बाजूनं.

ठुशीपासून सुरुवात करू, कारण ती आता सगळ्यांनाच हवी असते. ठुशीचे मणी पोकळ असतात, पातळ पत्र्याचे. ते किती दाट बसलेत हे समोरून कळत नाही. ठुशी दोन्ही टोकांना धरा आणि गळ्यावर बसेल तसा बाक द्या. मण्यांमधून दोरा डोकावला तर गाठवण सैल आहे. बाक देताना एखाद्या जागी ठुशी ताठ राहून एकदम कोनात मोडली, तर ती गरजेपेक्षा घट्ट आहे. घट्ट ठुशी जास्त वाईट, कारण दर वेळी घालताना त्या एकाच जागी दोऱ्यावर ताण येतो आणि मण्याच्या भोकाची धार दोरा कापत राहते. मग भर मांडवात मणी घरंगळतात आणि सगळे म्हणतात, "सोनं हलकं होतं." सोन्याचा त्यात काही दोष नसतो. रोज वापरातली ठुशी वर्षा-दीड वर्षानं आणि सणावारीची तीन-चार वर्षांनी पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावी. घामानं दोरा कुजतो, हे दिसत नाही एवढंच. गाठवायला देताना मणी मोजून द्या, वजन लिहून घ्या आणि परत घेताना दोन्ही पुन्हा करा. यात अविश्वास वगैरे काही नाही, चांगला पटवेकरी स्वतःच मोजायला लावतो.

टोकाची कडीही बघा. साखळी जिथे अडकते ती कडी झाळलेली (म्हणजे धातू वितळवून सांधलेली) आहे की नुसती वाकवून मिटवलेली? नखानं सांधा चाचपला की कळतं. मिटवलेली कडी ओढ बसली की उघडते. चारचौघीत हरवलेल्या निम्म्या मंगळसूत्रांचं कारण माझ्या मते ही कडीच असावी.

आता बोरमाळ आणि साज. यांच्या मण्यांत लाख भरलेली असते. यात फसवणूक काही नाही, ती जुनी रीतच आहे. लाखेशिवाय तेवढ्या पातळ पत्र्याचा मणी दोन दिवसांत चेपला जाईल. फसवणूक होते ती बिलात. मण्याच्या भोकात बघितलं की आतली काळपट-तपकिरी लाख दिसते. मग थेट विचारायचं, "लाख वजा जाता सोनं किती?" आणि तो आकडा बिलावर लिहून घ्यायचा. मोडीला गेल्यावर लाख जळून जाते आणि फक्त सोनं तोललं जातं, तेव्हा भांडून उपयोग नसतो. लाखेचा दागिना गरम पाण्यात बुडवायचा नाही, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. लाख मऊ होते, भोकातून बाहेर येते आणि मणी आतून सुटतो.

बिलाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. सोन्यावर हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेच्या सरकारी छापाच्या, तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, कुठल्या केंद्रात हॉलमार्क झाला आणि सराफाची नोंदणी हे सगळं येतं. लोक शुद्धता बघून ॲप बंद करतात. प्रकार बघा! हातात हार आहे आणि ॲपवर अंगठी दिसते आहे, तर तिथेच थांबायचं. अक्षरं इतकी बारीक असतात की भिंग लागतं. नसेल तर फोनचा कॅमेरा मोठा करून फोटो काढा, चालतो. हॉलमार्कचं शुल्क नगाला ४५ रुपये आणि वर जीएसटी. ते वजनावर नसतं, त्यामुळे "हॉलमार्कमुळे महाग झालं" हे वाक्य ऐकलं की हसून सोडून द्यावं. आणि अजूनही कुणी "केडीएम आहे ताई, एकदम शुद्ध" म्हणत असेल तर लक्षात ठेवा, केडीएम ही शुद्धतेची खूण नाही. ती झाळ देताना कॅडमियम वापरण्याची पद्धत आहे आणि तिचा धूर कारागिराच्या छातीत जातो.

मजुरी टक्क्यांत सांगितली की ती ग्रॅममध्ये करून बघायची सवय लावा. वीस ग्रॅमची ठुशी आणि चौदा टक्के मजुरी म्हणजे २.८ ग्रॅम सोन्याचे पैसे, जे मोडताना परत मिळणार नाहीत. टक्क्याच्या हिशोबावर माझा राग आहे. सोन्याचा भाव चढला की तेवढ्याच कामाची मजुरी आपोआप चढते, आणि ठुशी गाठवणाऱ्याच्या हातात ती वाढ पडतेच असं नाही. ग्रॅममागे ठरावीक रुपये असा भाव करून बघा. काही सराफ तयार होतात, विशेषतः हातकामाच्या दागिन्याला. मशीनच्या चेनला आणि हातच्या चिंचपेटीला एकच टक्का लावला असेल तर चेनच्या बाबतीत तुमचं नुकसान आहे, एवढं नक्की.

आता नथ, जिच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली.

पहिली गोष्ट: दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही. बऱ्याचशा नथी त्यातच येतात. म्हणजे ज्या दागिन्यात मोती, खडे, तार सगळं मिळून खरं सोनं किती ते समजणं सर्वांत अवघड, त्यालाच सक्तीचं छत्र नाही. म्हणून नथीच्या बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन आकडे वेगवेगळे हवेतच.

मग नथ पालथी करा. मोती तारेत ओवून ती तार मागे पिळलेली असते. पिळाची टोकं आत वळवून दाबलेली असली पाहिजेत. बोट फिरवलं तर खरखर लागू नये, पण बोटावर विसंबू नका. जुन्या रेशमी साडीची चिंधी पर्समध्ये ठेवा आणि मागच्या बाजूवरून हळूच ओढा. एक धागा जरी अडकला तरी नथ परत द्या, सोनार पाच मिनिटांत टोक दाबून देतो. मग एकेक मोती चिमटीत धरून फिरवा. जरासा फिरला तर हरकत नाही, तारेवर मागेपुढे सरकला तर तो लवकर निखळेल. काही नथींत मोती अर्धाच विंधून गोंदानं चिकटवलेला असतो. तो अजिबात फिरत नाही आणि मुळाशी गोंदाची पिवळट कड दिसते. दिसायला सुबक, पण घाम आणि पावडरीनं गोंद सुटतो.

मोती खरा की काचेचा, हे दाताच्या कडेवर हलकेच घासून कळतं. खरा किंचित रवाळ लागतो, काच-प्लास्टिक गुळगुळीत. मात्र शेतीचा, म्हणजे माणसानं शिंपल्यात वाढवलेला, मोतीही रवाळच लागतो, त्यामुळे या परीक्षेवरून कुणी "बसरा" म्हणून सांगितलं तर मान डोलवू नका. बसरा म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती. तो आज नव्या नथीत सहज भावात मिळत नाही. मोत्याचं अंग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, म्हणजे आम्लानं विरघळणारं. परफ्यूम, हेअरस्प्रे, लिंबू लावलेल्या हाताचा स्पर्श, सगळं त्याला बाधतं. नथ सर्वांत शेवटी घालायची आणि सर्वांत आधी काढायची, ओलसर मऊ कापडानं पुसायची. चिंच, टूथपेस्ट, सोडा काही लावू नका.

मधला लाल-गुलाबी खडा कसा बसवलाय तेही मागून दिसतं. घर मागून उघडं असेल तर उजेड आरपार येतो आणि रंग खड्याचाच असतो. बंद असेल तर खड्याखाली चमकीचा पत्रा असण्याची शक्यता धरा. तोही वाईट नसतो, फक्त त्यात पाणी शिरलं की खडा कायमचा काळवंडतो. तोंड धुताना नथ नाकात ठेवण्याचा आळस इथे महागात पडतो.

प्रेसची, म्हणजे नाक न टोचता चापानं बसणारी, नथ घेणाऱ्यांसाठी: नाकाला लागणारा भाग चांदीचा किंवा सोन्याचा घ्या. पितळ-निकेलच्या चापानं कित्येकींच्या नाकाला खाज सुटते आणि दोष पावडरीवर जातो. दुकानात नथ घालून आरशात दोन सेकंद बघू नका. दहा मिनिटं घाला, बोला, हसा, चहा प्या. घसरली तर चाप दाबून घट्ट करत बसण्यापेक्षा हलकी नथ घ्या. घट्ट चापानं नाक दुखतं आणि फोटोत चेहऱ्यावर ते दिसतंच. आणखी एक, आपली नथ डाव्या नाकपुडीची. ऑनलाइन मागवलेली नथ उजव्या बाजूची आली तर आकडा उलटा वळतो आणि मोत्यांचा घोस ओठावर येतो.

कानातल्यांचं थोडक्यात. फिरकी किमान तीन-चार आटे फिरली पाहिजे. न फिरवता नुसती सरकून बसत असेल तर आटे झिजलेत. बावीस कॅरेट सोनं मऊ असतं, आटे झिजणारच, दांडी बदलून मिळते. झुमका जड वाटला तर वेल लावा, म्हणजे वजन केसांवर जातं. आपल्या आज्यांनी वेल नुसता शोभेला लावला नव्हता.

बांगड्यांच्या मापावरून होणारे घोळ तर विचारू नका. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश नव्हे, दोन इंच आणि चार सोळांश. म्हणजे सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर, तोही आतला व्यास. २.६ साधारण ६० मिलिमीटर, २.८ साडेत्रेसष्ट. घरातली बसणारी बांगडी पट्टीवर ठेवून आतून मोजा आणि मगच मागवा. पाटल्या-तोडे हिरव्या चुड्यासोबत घालायचे तर चुडा आणि पाटली एकाच मापाची हवी. नाही तर मोठी पाटली काचेवर आपटून बांगड्या फोडते.

आता "एक ग्रॅम"चे, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेले, दागिने. ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. गळ्यात साडेसात तोळे घालून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीतून जाण्यापेक्षा शहाणपणाचेच आहेत. फक्त नावावर जाऊ नका. हिशोब सोपा आहे. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा सोन्याचा थर म्हणजे जेमतेम दोन मिलिग्रॅम सोनं. मोठ्या राणीहाराचा पृष्ठभाग पुढून-मागून मिळून दीडशे चौरस सेंटिमीटर धरला आणि थर अर्धा मायक्रॉन धरला, तर एकूण सोनं सुमारे १४५ मिलिग्रॅम. पुरा एक ग्रॅम चढवायचा तर साडेतीन मायक्रॉनच्या आसपास थर हवा, आणि स्वस्त मालावर तो अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो. तेव्हा दुकानात "किती ग्रॅम?" विचारण्यात अर्थ नाही, "किती मायक्रॉन?" विचारा. उत्तर आलंच नाही तर किंमत त्या हिशोबानं करा.

हेही पालथे करून बघायचे. मागे झाळेच्या जागी करडे ठिपके असतील तर मुलामा तिथे नीट धरलेला नाही, काळं पडायला तिथूनच सुरुवात होणार. मानेमागचा आकडा आणि साखळी सर्वांत आधी जाते, कारण घाम आणि घासणं दोन्ही तिथेच. त्यामुळे आकड्याऐवजी दोऱ्याचा गोंडा असलेला हार घ्या, तो बदलता येतो. दागिना दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा. पिवळ्या दिव्यांखाली पितळही साजरं दिसतं. घरी प्रत्येक नग वेगळ्या झिप पिशवीत, हवा काढून, कोरडा पुसून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात एका डब्यात कोंबलेले दागिने दसऱ्याला बाहेर काढले की हिरवे झालेले असतात. वरून पारदर्शक नेलपॉलिश लावायचा उपाय सगळीकडे फिरतो. चाप आणि आकड्याला थोडे दिवस चालतो, मोत्याला आणि खड्याला अजिबात नाही.

ऑक्सिडाइज्डच्या हौशीखातर एक इशारा: "जर्मन सिल्व्हर"मध्ये चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांनी पूर्ण दिवस घालू नये.

आणि ज्या पैठणीवर हे सगळं घालायचं, तीही उलटी करा. पैठणीचं येवला आपल्याच नाशिक जिल्ह्यात, तरी फसणाऱ्याही आपल्याच. हातमागावरच्या पारंपरिक पदरात प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. शेजारच्या रंगात अडकवून तो माघारी फिरवतात. त्यामुळे पाठीमागेही मोर जवळजवळ तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रावरच्या सेमी पैठणीच्या पाठीला कापलेले नाहीतर तरंगते धागे दिसतात, कधी वर जाळीचं अस्तर असतं. ब्रोकेडची पैठणी हातमागावरही विणतात आणि तिच्याही पाठीला धागे असतात. तिला खोटी म्हणू नका, पण पदराच्या हातविणीची किंमतही तिच्यासाठी देऊ नका.

साडीला पिन लावताना पिनेच्या वेटोळ्याशी एक छोटा मणी ओवून घ्या, मग कापडातून टोचा. मण्यामुळे रेशीम त्या वेटोळ्यात शिरत नाही. पदर काढताना होणाऱ्या बऱ्याच चिरा त्या वेटोळ्यातच होतात.