काका, पेशींचा आकडा बरोबरच आहे

काका, 'वडीलधारा म्हणून लिहितोय' असं तुम्ही म्हणालात, म्हणून काकाच म्हणते. 'सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, मग प्रतिकारशक्तीची कमतरता कसली? रोज अँटिबायोटिक चारण्यापेक्षा गुळवेल द्या, मुलाला मातीत खेळू द्या,' ही माझ्या मुलाच्या आजाराबद्दलची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग नाही आला. सुरुवातीला आमच्या घरातही हेच बोलणं व्हायचं.

माझ्या मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी आहे. यात पेशी कमी नसतात. त्या जंतूपर्यंत पोचतात, त्याला गिळतातही. पण गिळलेल्या जंतूला मारणारं जहाल रसायन ज्या एन्झाइममुळे तयार होतं, तेच नादुरुस्त असतं. पेशी ते रसायन बनवतात का हे बघणाऱ्या त्याच्या डीएचआर चाचणीचा कागद माझ्या फाइलमध्ये आहे. पेशींना डिवचलं की निरोगी पेशी चमकतात आणि आलेखातला उंचवटा उजवीकडे सरकतो. माझ्या आलेखात दोन उंचवटे आहेत, कारण दोष माझ्याकडून त्याच्याकडे गेलाय. त्याच्या आलेखात एकच, जागचा न हललेला. अशा पेशी दुप्पट झाल्या तरी काय उपयोग?

रोजच्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात ही भीती रास्त आहे. सर्दीपडशाला उठसूट गोळ्या देऊच नयेत. पण को-ट्रायमॉक्साझोल पांढऱ्या पेशीच्या आत शिरतं, जंतू जिथे जिवंत राहतो नेमकं तिथे. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत सीजीडीचे ३९ रुग्ण होते: औषधावर असताना गंभीर बुरशीसंसर्ग एकाला झाला, तोही गोळ्या नीट न घेणारा, खोट्या गोळीवर असताना सात जणांना. कॅप्सूल भरल्या पोटी लागते, म्हणून आमच्याकडे वरणभात झाल्यावरच. त्यासाठी यकृताच्या तपासण्याही चालू असतात. त्यात काढ्याची भर मी घालणार नाही.

आणि माती! कुजक्या पाल्यात, शेणखतात अ‍ॅस्परजिलस बुरशी असते, ती श्वासातून थेट फुप्फुसात जाते. तुळशीची कुंडीसुद्धा मी शेजारी देऊन टाकली.

'या उपचारांचा खर्च फार,' असंही तुम्ही म्हणालात, ते मात्र मान्य. संसर्ग टाळण्यासाठी आठवड्याला तीनदा टोचायचं इंटरफेरॉन गॅमा हे इंजेक्शन आम्हाला झेपलं नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने आजार मुळातून जाऊ शकतो. जुळणारा दाता शोधतोय.

एक विनंती. ओळखीत कुणाच्या बाळाला वारंवार गळवं होत असतील, बीसीजीनंतर काखेतली गाठ पिकली असेल आणि सीबीसी नॉर्मल म्हणून घरी पाठवलं असेल, तर डॉक्टरांना डीएचआरबद्दल विचारायला सांगा. परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आजारांचं निदान होतं.