टॅबलेट दिला, पण शेजारी कोण बसणार?

वादाला तोंड फोडलं बंड्याने. "उपग्रहावरून इंटरनेट आता डोंगरदऱ्यांतही पोचतंय. दहा मुलांच्या वस्तीवर शाळा कशाला चालवायची? प्रत्येकाला टॅबलेट द्या, उत्तमातला उत्तम शिक्षक पडद्यावर आणा."

मास्तर ताडकन म्हणाले, "अरे, पहिलीचं पोर आहे ते! पेन्सिल मुठीत धरलीय की बोटांत, हे पडद्यावरच्या गुरुजींना दिसतं का? ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला तुम्ही सूचना वाचायला लावणार."

मी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण काढलं. १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली, दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या 'फ्लाइंग डॉक्टर' सेवेच्या रेडिओवरून. शेजारचं घर कोसोगणती लांब, अशा मुलांसाठी. बंड्या लगेच खूश: "बघा! नुसत्या रेडिओवर जमलं!"

"पुढचं ऐक," मी म्हटलं. "तिथे मुलाजवळ घरातलं एक मोठं माणूस बसायचं, बहुतेक वेळा आईच. ती बसली म्हणून जमलं."

इतका वेळ गप्प असलेली ताई बोलली. "त्या आईला लिहितावाचता येत होतं. जिची आई शाळेतच गेली नाही, सकाळी कामाला जाते ती अंधार पडल्यावर येते, त्या मुलीजवळ कोण बसणार?"

सगळ्या चर्चेत खरा प्रश्न हाच होता. माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर होतं: मध्य अमेरिकेतला निकाराग्वा देश. तिथे १९७०च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवलं. आवाज प्रश्न विचारायचा, काही सेकंद थांबायचा, मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, की लगेच बरोबर उत्तर ऐकू यायचं. वर्गातला माणूस विषयात पारंगत नसला तरी चालतं, पण तो लागतोच. मागे पडलेलं मूल त्यालाच दिसतं.

"आणि यंत्रणा काढून घेतली की?" मास्तरांनी 'साइट' या उपग्रह-टीव्हीच्या प्रयोगाची आठवण दिली. १९७५-७६मध्ये आपल्याकडे ६ राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही पोचला, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असायचे. उपग्रह अमेरिकेचा होता, वर्ष संपलं आणि तो काढून घेतला.

ताईचं म्हणणं, वस्तीतलीच बारावी झालेली मुलगी नेमा, तिला नीट शिकवून तयार करा आणि पगार द्या. मास्तर उसळले. "म्हणजे गरिबाच्या पोराला स्वस्तातला शिक्षक! उद्या म्हणतील, खरा शिक्षक पाठवायची गरजच नाही."

त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. तरी मी ताईच्या बाजूचा, एका अटीवर: प्रशिक्षित शिक्षकाने ठरलेल्या दिवशी वस्तीवर प्रत्यक्ष यायचं आणि मुलांच्या प्रगतीचा जाब त्यालाच विचारायचा. टॅबलेट जरूर द्या, पण आधी त्या मुलीच्या पगाराची सोय करा.

बंड्याने हे मान्य केलं. मास्तर मात्र अडूनच राहिले. "तिची नेमणूक अकरा महिन्यांची असेल तर? पोरांना तिची सवय होईपर्यंत ती गेलेली असेल. आधी नोकरी कायम करा, मग माझा होकार."