'जनतेचा पैसा आहे, वसूल कराच': अतिप्रदानाबद्दलचं अर्धसत्य

निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याकडून चुकून दिल्या गेलेल्या जास्तीच्या पगाराची, म्हणजे अतिप्रदानाची, वसुली निघाल्याची बातमी आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. सूर असा, की पगार जास्त मिळतोय हे घेणाऱ्याला माहीत होतंच. तो जनतेचा पैसा, पै न् पै परत करा. माफी दिली तर उद्या सगळेच लाटतील. आणि 'जास्त मिळालं तर परत करीन' असं वचनपत्र दिलेलं असल्याने कोर्टही ऐकत नाही. निवृत्त शिपायाचं उपदान (ग्रॅच्युइटी) अडवून ठेवणं यामुळे लोकांना योग्य वाटू लागतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

'माहीत होतंच' हे आधी घेऊ. वेतननिश्चिती कर्मचारी स्वतः करत नाही. ती आस्थापना शाखेत होते, बिलावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याची (पगाराची रक्कम काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याची) सही असते, सेवापुस्तक कार्यालयाच्या कपाटात असतं. समजा, आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा) लाभ देताना मूळ वेतन 500 रुपयांनी जास्त धरलं गेलं. त्यावर महागाई भत्ता चढतो, घरभाडे भत्ता चढतो, दरवर्षीची वेतनवाढ चढते. सातव्या वेतन आयोगात जुन्या वेतनाला 2.57 ने गुणलं, तेव्हा नुसत्या त्या 500 चे 1,285 झाले. पगारपत्रकात हे वेगळं दिसत नाही, एकाच आकड्यात मुरलेलं असतं. चूक सापडते ती बहुधा निवृत्तीच्या तोंडावर, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर. तोवर रक्कम लाखांत गेलेली असू शकते. जी चूक कार्यालयाला इतकी वर्षं दिसली नाही, ती शिपायाला दिसायला हवी होती असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पैसा जनतेचा आहे, हे मात्र खरं. 2012 च्या चंडीप्रसाद उनियाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून वसुली योग्य ठरवली. मजकूर लिहिणारे तिथेच थांबतात. त्याच निकालाने सय्यद अब्दुल कादिर (2009) आणि कर्नल अक्कारा (2006) या खटल्यांमधले अपवाद मान्य केले आहेत. त्या खटल्यांमधला विचार साधा आहे: जास्तीची रक्कम ठेवून घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नाही, पण खालच्या पदावरचा माणूस आलेला पगार घरखर्चात घालवतो, वर्षांनंतर तो एकदम मागितला तर जी ओढाताण होते, ती टाळण्यासाठी न्यायालय सवलत देऊ शकतं.

18 डिसेंबर 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह निकालाने हे पाच प्रकारांत नेमकं मांडलं. वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम मिळत आलेली. चुकीने वरच्या पदाचं काम करून घेऊन त्याचा पगार दिलेला. आणि जिथे वसुली इतकी जाचक ठरेल की मालकाच्या हक्कापेक्षा तो जाच मोठा होईल, अशी प्रकरणं. या पाचांत वसुली करता येत नाही. मे 2022 मध्ये केरळमधल्या एका निवृत्त शिक्षकाची वसुलीही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

'सगळेच लाटतील' याला फार शब्द नकोत. खोटी माहिती देऊन किंवा लबाडीने पैसे घेणाऱ्याला हे संरक्षण नाहीच. केंद्राच्या 2 मार्च 2016 च्या परिपत्रकानुसार तर वसुली माफ करायला अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाची स्पष्ट मंजुरी लागते. कार्यालयातल्या कुणी परस्पर वाटावी अशी ही खैरात नव्हे.

वचनपत्राचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या जगदेव सिंग निकालातून (2016) येतो. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते, सुधारित वेतन घेताना त्यांनी लेखी हमी दिली होती, म्हणून निवृत्तीनंतरही वसुली मान्य झाली. तीही दोन वर्षांत विभागलेल्या हप्त्यांनी. म्हणजे तिथेही न्यायालयाने माणसाच्या सोयीचा विचार केलाच. वर्ग 4 च्या कर्मचाऱ्याकडून छापील नमुन्यावर घेतलेली सही दाखवून 'आता काही होणार नाही' असं त्याला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमच्या घरात अशी नोटीस आली असेल, तर महिनावार हिशेब लेखी मागा. उपदानातून कपात करण्याचं संमतीपत्र पुढे केलं तर घाईने सही करू नका. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना उच्च न्यायालयात.