कार्कासोनचा ‘एकही दगड न हलवलेला’ किल्ला

‘दोन हजार वर्षं एकही दगड न हलवता फ्रेंचांनी जपलेला अजिंक्य किल्ला! म्हणूनच युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आणि आपण डागडुजीच्या नावाखाली गड विद्रूप करतो.’ दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनचा फोटो आणि कार्कास राणीची कथा जोडून फिरणारा हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो गडसंवर्धनाच्या कामाला जातो. आता म्हणतो, ढासळलेल्या तटाला हातच लावायला नको, फ्रेंचांकडे बघा.

बघूया ना. 1659 च्या पिरेनीजच्या तहाने स्पेनची सीमा दक्षिणेकडे सरकली आणि किल्ल्याची गरजच संपली. मग त्याची रया गेली. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात गोरगरिबांची घरं तटाला टेकून उभी राहिली, लोक बांधकामाला इथले दगड नेऊ लागले. 1850 च्या सुमारास सरकार तट पाडायलाच निघालं होतं. स्थानिक इतिहासकार क्रो-मेरव्हिएय आणि स्मारकांचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी आरडाओरडा केला म्हणून तो वाचला. 1853 पासून व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने काम हाती घेतलं. मधली घरं पाडून माणसं हलवली, बुरुजांचे माथे नव्याने बांधले, छपरं चढवली. 1879 मध्ये तो वारला, तरी काम विसाव्या शतकापर्यंत चालू राहिलं. एकही दगड न हलवता म्हणे!

मेसेजमधल्या फोटोत ती टोकदार काळी छपरं दिसतात ना, ती त्याचीच. पाटीच्या दगडाची छपरं ही उत्तरेकडची रीत, दक्षिणेत कौलं असतात, म्हणून लोकांनी त्याला भरपूर बोल लावले. पुढे रोमन भागातल्या काही बुरुजांवर कौलं घातलीसुद्धा.

‘म्हणूनच युनेस्कोने दर्जा दिला’ हे तर कहर आहे. 1997 च्या नोंदीतलं कारण कुणीही वाचावं. व्हियोले-ल-द्यूकने केलेल्या प्रदीर्घ जीर्णोद्धारामुळे या जागेला असाधारण महत्त्व आहे, असं युनेस्को स्वतः म्हणते. मेसेज ज्याला पाप म्हणतो, त्याचंच तिथे कौतुक आहे.

बरं, खालचा रोमन तट अस्सल आहे, हे मान्य. आतल्या तटात छोट्या दगडांच्या थरांमध्ये लाल विटांचे पट्टे दिसतात, ते त्याच काळातले. पण तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी तटाबाहेरची जमीन खणून खाली नेली आणि उघड्या पडलेल्या रोमन पायाखाली नवं बांधकाम सारलं. त्यामुळे काही ठिकाणी जुनं वर आणि नवं खाली, असा उलटा प्रकार आहे! बाहेरचा तट तर त्या शतकातलाच.

अजिंक्य? 1209 च्या ऑगस्टमध्ये क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे पोपच्या हाकेवर धर्मयुद्धाला निघालेल्या फौजेने, वेढा घातला. पाणी संपलं आणि पंधरवड्याच्या आसपास किल्ला पडला. तिथला तरुण सरदार त्रांकाव्हेल त्याच वर्षी कैदेत मेला. 1240 चा वेढा मात्र किल्ल्याने परतवला, तेवढं श्रेय देऊ.

राहिली कार्कास, गावची मुस्लिम राणी. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने पाच वर्षं वेढा घातला, तिने शेवटच्या उरलेल्या डुकराला गहू चारून ते तटावरून खाली फेकलं, एवढं धान्य बघून तो माघारी वळला, आणि गावाला तिचं नाव पडलं, ही कथा. गावाचं नाव पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाकडेच सापडतं. हा मुलूख अरबांकडून 759 मध्ये शार्लमेनच्या बापाने, पेपिनने घेतला, तेव्हा शार्लमेन पोरगा होता. आणि मुस्लिम राणीच्या गोठ्यात शेवटी उरलेलं जनावर डुक्कर, हे फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही खटकू नये?