टर्की सरसकट लो फॅट नसते
टर्कीच्या (त्या मोठ्या पक्ष्याच्या) मांसावरचा तुमचा लेख चांगलाय पण टर्की म्हणजे लो फॅट असं सरसकट लिहिलंय ते काही पटलं नाही, कुठला भाग खाताय आणि कातडीसकट खाताय का यावर सगळं आहे ना. कातडी काढून भाजलेल्या ब्रेस्टमध्ये (छातीच्या मांसात) १०० ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम प्रोटीन आणि फॅट जेमतेम २ ग्रॅम, हे मान्य, पण तंगडीच्या मांसात फॅट त्याच्या दुपटीहून जास्त असतं. तरी तंगडीला नावं ठेवू नका, लोह आणि झिंक तिच्यातच जास्त मिळतं आणि ती ब्रेस्टसारखी कोरडीठाक पण होत नाही. खिमा घेताना मात्र लेबल वाचाच, बऱ्याचदा त्यात कातडीपण दळलेली असते.

आणि ते टर्कीतल्या ट्रिप्टोफॅनमुळे (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) झोप येते वगैरे राहू द्या हो, तेवढं तर चिकनमध्येपण असतं, मग चिकन खाऊन कोणी पेंगत का नाही? झोप येते ती गळ्यापर्यंत जेवल्यामुळे. टर्कीतून बी१२ जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज मिळतं हे लिहिलंत ते बरं केलंत. फक्त सँडविचमधले ते गुळगुळीत टर्की स्लाइस या चांगल्या टर्कीत धरू नका, त्यात मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी तर लांबच राहिलेलं बरं.