निळ्या हत्तीचा माहूत

सोमवारी माझा हाफ डे लागला. रात्री पावणेतीनला कारखान्यात आलो, सकाळी साडेआठला घरी गेलो, पावणेबाराला परत आलो, संध्याकाळी साडेसातला सुटलो. बेरीज तुम्ही करा. टाइम ऑफिसने केलेली बेरीज अशी : उशिरा हजर, अर्धा दिवस.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर आहे, म्हणजे कारखान्याच्या नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा राखणदार. हे पद फक्त माझ्या नेमणूकपत्रावर आढळतं. ऑफिसात मी 'कॉम्प्युटरवाला' आणि गेटवर 'पोस्टवाले साहेब'. पहिल्या दिवशी वॉचमन मामांनी विचारलं होतं, "कशाचं काम तुमचं?" मी नवखा, उत्साही. म्हणालो, "पोस्टग्रेस." मामांनी रजिस्टरात 'पोस्ट' लिहिलं आणि पुढचं सोडून दिलं. ते आजतागायत.

तसा दोष मामांचा नाही, नावच तसं आहे. १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हे काम काढलं. त्यांचाच आधीचा डेटाबेस 'इन्ग्रेस', म्हणून त्याच्या पुढचा तो 'पोस्टग्रेस' ('पोस्ट' म्हणजे नंतरचा). १९९६ मध्ये त्याला, 'एसक्यूएल' या डेटाबेसच्या भाषेवरून, 'क्यूएल'ची शेपटी जोडली आणि पुढे बोधचिन्ह म्हणून निळा हत्ती आला. स्टोनब्रेकर यांना संगणकशास्त्रातला २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे सगळं मी मालकांना एकदा रंगवून सांगितलं होतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "केवढ्याला?" म्हटलं, "फुकट. कोड सगळ्यांना खुला." "मग याचा मालक कोण?" म्हटलं, "कुणीच नाही." मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते गेटबाहेरच्या बेवारस गाईकडे पाहतात. "सॉफ्टवेअर फुकट, मग तुला पगार कशाचा?" हे ते तोंडाने म्हणाले नाहीत. इन्क्रिमेंटच्या वेळी म्हणाले.

तर रविवारी रात्री सव्वादोनला रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन. बारकोड निघत नाहीत, सकाळी कंटेनर जायचाय. मे महिना. दिवसभर पंचेचाळिसाला टेकलेलं सोलापूर रात्री दोनलाही खालून वाफ सोडत होतं. जुळे सोलापुरातून स्कूटर मारत गेटवर पोहोचलो, अंगठा लावला. मशीन 'टीट' करून लाल झालं. पुन्हा लावला, पुन्हा टीट. मामा म्हणाले, "असू द्या ओ, मी लिहितो." आणि रजिस्टरात लिहिलं : पोस्टवाले, २:५०.

हा २:५० चा आकडा लक्षात ठेवा.

सर्व्हर रूममध्ये पडद्यावर शेवटची ओळ होती, 'पॅनिक : नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. पॅनिक हा शब्द त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा. माझा त्यानंतर सुरू झाला. डिस्क तुडुंब भरली होती, शुक्रवारी तिच्यात तीसेक जीबी जागा मी डोळ्यांनी पाहिली होती. मग नजर खाली गेली. आमच्याकडे दोन सर्व्हर. एक मुख्य आणि एक त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा, ज्याला स्टँडबाय म्हणतात. (दोन्ही एकाच खोलीत ठेवणं ही मूळ चूक. पण दुसऱ्या खोलीत सुताचे कोन भरलेत, आणि कोनांना एसी लागत नाही एवढाच काय तो फरक.) स्टँडबायचा दिवा बंद. त्याच्या सॉकेटात एक तपकिरी वायर, ती खिडकीतून बाहेर, तिथून पत्र्यावरून थेट गेटच्या केबिनमधल्या कूलरला.

"मामा, हा प्लग कुणी काढला?"

"मीच की. शनिवारी सांजच्याला. उकडलालतं ओ साहेब."

"अहो, सर्व्हरचा प्लग काढायचा असतो का?"

"बघून काढलाय," मामा दुखावल्या सुरात म्हणाले. "शुक्रवारी रातभर काचंतनं बघितलंय मी. ह्यो मोठा डबा लुकलुक लुकलुक काम करतोय. हा बारका हाय त्यो, मोठा लुकलुकला की मागनं लुकलुकतो. सोताचं कायबी न्हाई. मोठा करंल तेच करायचं. म्हणलं, ह्याला कशाला फुकटची लाइट?"

स्ट्रीमिंग रेप्लिकेशनचं, म्हणजे या मागोमाग नक्कल करण्याचं, इतकं अचूक वर्णन मी कुठल्या मॅन्युअलात वाचलेलं नाही.

"आमचा धाकला जावई असलाच," मामांनी स्टूल ओढलं. खोलीत एसी असल्यामुळे त्यांना उठायची घाई नव्हती. "थोरला पुण्याला गेला की ह्यो पुण्याला. थोरल्यानं रिक्षा घेतली की ह्यानं बी रिक्षा. तीबी त्याच रंगाची घ्यायला बघत हुता, रिक्षा सगळ्या एकाच रंगाच्या असत्यात म्हणून वाचलं."

"मग?" मी उगाच विचारलं. हात तोवर फायली चाळत होते.

"मग काय. थोरला पडला आजारी. धाकल्यानं महिनाभर दोन्ही रिक्षा वडल्या. एक सकाळी, एक रात्री. घर बुडू दिलं न्हाई."

"हेच! मामा, हेच!" मी ओरडलो. "थोरला पडला तर धाकट्यानं चालवायचं, म्हणून धाकट्याला जिवंत ठेवायचं असतं!"

मामांनी विचार केला. "म्हंजे थोरला डबा आजारी हाय?"

"आत्ता पडला."

"कशानं?"

"तुम्ही धाकट्याचा प्लग काढला म्हणून."

"ह्ये काय पटंना. धाकला गेला तर थोरल्यानं दोन दिवस रडावं अन कामाला लागावं. पडायचं काय कारण?"

आता आली पंचाईत. कारण हा प्रश्न अगदी रास्त होता. मी समजावलं. थोरला जे काही करतो ते आधी एका वहीत लिहितो, तसल्या १६ एमबीच्या वह्या भरत जातात. धाकट्याने वाचून झालं की जुनी वही रिकामी. धाकट्याने वाचलीच नाही, तर थोरला ती फेकत नाही. त्याच्या नावाने जपून ठेवतो. धाकटा येईल, वाचेल. आमच्या हिशेबाने मिनिटाला एक वही, म्हणजे दिवसाला २३ जीबी.

"अन त्यो आलाच न्हाई तर?"

"तरी ठेवतो. घर भरेपर्यंत."

"धाकल्याच्या नावची टपालं घरात साठवून बसला?"

"हो."

"मंग पोस्टच झालं की ओ ह्ये!" मामांनी मांडीवर थाप मारली. "अन तुम्ही दोन वर्सं सांगताव, मी पोस्टातला न्हाई म्हणून!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

एक गोष्ट इथे दबक्या आवाजात सांगतो. त्या साठवणुकीला मर्यादा घालणारी सेटिंग आवृत्ती १३ मध्ये, म्हणजे २०२० सालीच आली. आपण आकडा दिला नाही तर मर्यादा नाही, असा तिचा कारभार. मी आकडा दिला नव्हता. हे मामांना सांगितलं नाही. मालकांना तर नाहीच.

तेवढ्यात मालकांच्या भाच्याचा फोन. हा पुण्यात असतो आणि कॉम्प्युटरमधलं सगळं त्याला कळतं. "लॉग फायली उडव ना यार. जागा होईल. मी मोबाइलमध्ये तेच करतो."

या एका सल्ल्याने जगभर किती डेटाबेस मेले असतील! वह्यांच्या त्या फोल्डरचं नाव पूर्वी 'पीजी-एक्सलॉग' होतं. लोक 'लॉग' वाचायचे, कचरा समजायचे आणि पुसायचे. शेवटी २०१७ मध्ये आवृत्ती १० काढताना नावच बदलून 'पीजी-वॉल' केलं. आमच्या जुन्या मुनीमजींना मी हे एकदा सांगितलं तेव्हा ते शहारले होते. त्यांना लगेच कळलं. आधी रोजकीर्द, मग खतावणी. रोजकीर्द जाळली तर खतावणीवर विश्वास कोण ठेवणार? भाच्याला मात्र नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "वाल? वाल काय करायचेत? उडव." जणू मी रात्री तीनला बिरड्याची उसळ घालत होतो.

पण भाच्यानेच वाचवलं, म्हणजे नकळत. त्याच डिस्कवर, मला न विचारता ठेवलेला, त्याच्या लग्नाचा व्हिडिओ सापडला. १८ जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत, ड्रोनसकट. तो बाहेरच्या डिस्कवर हलवायला तास गेला. मग धाकट्याला त्याचा प्लग, थोरला उठला, अर्धवट राहिलेलं वहीतून वाचून त्याने स्वतःलाच सावरलं, आणि धाकटा साठलेली टपालं फोडत बसला. एकही नोंद गेली नाही. एकही! हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं, पण खोलीत मामाच होते, आणि ते कूलर बंद पडल्याच्या दुःखात होते. तरी पहाटे त्यांनी स्वतःच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढे केली. रागावायचं कुणावर?

धाकटा बरोबरीला येईस्तोवर बसल्या बसल्या मी माझा पॅच पाहिला. हो, माझाही एक पॅच आहे. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातल्या एका वाक्याची दुरुस्ती. तिकडे वर्षातून पाच वेळा 'कमिटफेस्ट' भरतो, आलेले पॅच तपासायला. ते प्रकरण थेट स्थळं बघण्यासारखं. 'नीड्स रिव्ह्यू' म्हणजे पत्रिका पोचली. 'वेटिंग ऑन ऑथर' म्हणजे आणखी एक फोटो पाठवा. 'रिटर्न्ड विथ फीडबॅक' म्हणजे मुलगा चांगला आहे हो, पण पत्रिका जुळत नाही. माझ्या त्या एका वाक्यातल्या स्वल्पविरामावर कधी न पाहिलेल्या दोन माणसांनी खल केला आहे, मला 'धन्यवाद' म्हटलं आहे, पगार न देता. इथे पगार मिळतो. धन्यवाद या शब्दाची मात्र आमच्या कारखान्यात बहुधा निर्यातच होते.

तोवर कागदावर लिहिलेले बारकोड आत चढवले, कंटेनर गेला. साडेआठला घरी पळालो, कारण पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्याचा वार असतो. तो चुकला तर पुढचे दिवस शेजाऱ्यांशी गोड बोलण्यात जातात. टाकी भरली, आंघोळ केली, डोळा लागला. पावणेबाराला गेटवर अंगठा लावला. मशीन हिरवं झालं, लगेच. का नाही होणार? मीच दुरुस्त केलं होतं.

टाइम ऑफिसात गेलो. "रात्रीचा अंगठा नाही," टाइमकीपर म्हणाले.

"कारण डेटाबेस बंद होता. अंगठा डेटाबेसातच साठतो. मी तोच चालू करायला आलो होतो."

"असेल. पण अंगठा नाही."

"गेटच्या रजिस्टरात बघा. २:५०."

त्यांनी रजिस्टर मागवलं. चष्मा लावला. बोट फिरवलं. "इथं तर पोस्टवाले आहे. टपाल-कुरिअरची नोंद हजेरीत धरत नाहीत." आणि मग, सहानुभूतीने, "रात्री पावणेतीनला कसलं टपाल आलं होतं?"

मालकांकडे गेलो. मोठ्या डिस्कचं कोटेशनही पुढे ठेवलं. ते म्हणाले, "बघू." त्याच दुपारी मामांना नवा कूलर आला, स्वतंत्र वायरिंगसकट. खर्च लगेच मंजूर झाला, कारण मामांची गैरसोय सगळ्या कारखान्याला दिसली होती. घामाने त्यांचा शर्ट भिजलेला होता. माझं काम नीट झालं की त्यातलं काहीच दिसत नाही, आणि नीट झालं नाही की मी एकटाच दिसतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी हजेरीचं टेबल, म्हणजे डेटाबेसातला हजेरीचा तक्ता, उघडलं. सुपरयूजर मी, राजा मी. 'बिगिन' लिहिलं. माझ्या ओळीत अर्ध्याचा पूर्ण दिवस केला. पडद्यावर 'अपडेट १' आलं. बदल पक्का करणारं 'कमिट', एवढे चार-सहा ठोके बाकी. तेव्हा आठवलं, की सुपरयूजरने केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची सोय मीच गेल्या दिवाळीत लावली होती, आणि मालकांना छाती पुढे काढून दाखवली होती.

'रोलबॅक' मारला, म्हणजे केलेलं मागे घेतलं.

आता गंमत अशी, की पोस्टग्रेस बदल करताना जुनी ओळ खोडत नाही, शेजारी नवी लिहितो. रोलबॅक झाला की ती नवी ओळ मेली असं धरायचं, पण लगेच उचलत कुणी नाही. उचलायला ऑटोव्हॅक्यूम नावाचा झाडूवाला येतो, आणि तोसुद्धा ५० आणि वर टेबलाच्या २० टक्के इतक्या मेलेल्या ओळी साठेपर्यंत सहसा फिरकत नाही. हजेरीच्या टेबलात बदल करणारा माझ्याशिवाय आहे कोण? म्हणजे माझा पूर्ण दिवस अजून तिथेच आहे, हाफ डेच्या शेजारी, कुणाला न दिसणारा. पगारपत्रक १ तारखेला निघतं.