"लॉगिंगमध्ये टाईम घालवला" या रिव्ह्यूला उत्तर, टिळकवाडी जावा क्लासकडून

नमस्कार. दोन स्टार दिलात, असू दे. पण "हेल्पर क्लास एकटा चालवला तर लॉगची एक ओळ दिसत नाही, सरांनी क्लासमध्ये कॉन्फिग पण टाकू दिलं नाही, त्यापेक्षा प्रिंटलाइन बरं, फी परत द्या" हे आता बाकीची पोरं पण वाचणार की, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लॉगिंग म्हणजे प्रोग्राम चालताना काय काय झालं त्याची नोंद, आणि प्रिंटलाइन म्हणजे नुसती स्क्रीनवर ओळ छापायची कमांड.

तुम्ही पाठवलेला कोड बघितला. एक्सेल वाचायचा हेल्पर, लॉगरची लेव्हल फाइन (बारीकसारीक मेसेजची, इन्फोच्या खालची) केलीय आणि मेसेज पण फाइनलाच टाकलेत. आता जावाबरोबर जे लॉगिंग येतं त्यात अडवणारे दोघं असतात, एक मेसेज घेणारा लॉगर आणि त्याच्या पुढं तो मेसेज स्क्रीनवर किंवा फाईलमध्ये पोचवणारा हँडलर, आणि कन्सोल हँडलर, म्हणजे स्क्रीनवर दाखवणारा, डिफॉल्टला इन्फोवर बसलेला असतो, मग लॉगरनं सोडलं तरी हा कुठं सोडतोय. त्याची पण लेव्हल खाली आणा, दिसतंय बघा. आणि आउटपुट बाणानं (>) फाईलमध्ये घेतलं तर इन्फोचे मेसेज पण गायब म्हणताय, तर कन्सोल हँडलर सिस्टम आउटला (नेहमीच्या आउटपुटला) नाही, सिस्टम एररला (एररच्या वेगळ्या आउटपुटला) लिहितो ओ. बाणाच्या आधी चिकटून 2 टाका.

कॉन्फिग हेल्परमध्ये टाकू दिलं नाही ते मुद्दामच. हेल्परनं आपल्या क्लासच्या नावानं लॉगर मागायचा, प्रायव्हेट स्टॅटिक फायनल, बास. लॉग कुठं जाणार, किती येणार हे जो चालवतोय तो ठरवणार. उद्या हाच हेल्पर टॉमकॅटवरच्या (जावाचे वेब प्रोजेक्ट चालवणारा सर्व्हर) प्रोजेक्टात गेला आणि त्यानं रूट लॉगरचे (सगळ्या लॉगरांच्या वरचा) हँडलर काढून आपले लावले तर भाडेकरूनं येऊन घरमालकाचंच कुलूप बदलल्यासारखं होतंय. एकटा चालवायचा असेल तर सेटअप मेनमध्ये करा, नाहीतर वेगळी प्रॉपर्टीज फाईल करून जावा कमांडलाच मायनस डी नं (-D, सुरू करतानाच सेटिंग द्यायचा पर्याय) द्या, कोडला हात लावायची गरज नाही. फक्त त्या फाईलमध्ये हँडलर्सची ओळ पाहिजेच, कारण आपली फाईल दिली की जावा स्वतःची वाचत नाही, इथं पोरं हमखास अडकतात.

सीनियरच्या पेनड्राइव्हवरचा लॉगफोरजे 1.2 (लॉगिंगचीच दुसरी, जुनी लायब्ररी) चा जार का शिकवत नाही असं पण विचारलंय. त्याचा सपोर्ट 2015 मध्येच संपलाय. व्हीटीयूच्या (आपल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या) प्रोजेक्ट व्हायव्हाला चालून जाईल कदाचित, पण मी नाही शिकवणार.

प्रिंटलाइन घरी ठीक आहे. कंपनीत गेल्यावर कुठल्या क्लासमधनं काय आलं, किती वाजता आलं हे सगळं हातानं लिहीत बसणार काय, आणि बंद करायचं झालं तर एकेक ओळ कॉमेंट करत?

फी, बॅच पूर्ण झाल्यावर परत मिळत नाही, फॉर्मवर लिहिलंय. पण शनिवारी संध्याकाळी लॅब उघडी असते, खानापूरहून यायला लांब पडत असेल तर फोन करा, स्क्रीन शेअरवर बघू. येताना ती प्रॉपर्टीज फाईल करूनच या मात्र.